दीड स्क्वेअर किती अँपिअर घेते? पॅनेलमधल्या वायरच्या डिरेटिंगची ओळख

पॅनेल शॉपमध्ये नवा आलेला आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "दादा, दीड स्क्वेअर किती अँपिअर घेते?" (दीड स्क्वेअर म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर.) शेजारचा वायरमन वायरीच्या टोकाला फेरूल चढवता चढवता, वर न बघता सांगतो, "पंधरा." उत्तर खोटं नाही, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी जागेचं आहे. आजूबाजूला ३० अंश हवा आणि एका पाइपात एकच सर्किट, अशा जागेचं. तुमच्या पॅनेलच्या डक्टमध्ये (वायरी न्यायच्या प्लॅस्टिकच्या पन्हळीत) सहा मोटारींच्या अठरा वायरी एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. वर पत्र्याची शेड असते आणि महिना मे असतो. तिथे तीच वायर किती घेते हे काढायचं म्हणजे डिरेटिंग.

गणित सातवीच्या पलीकडचं नाही. चुका होतात त्या आकडा कुठून उचलायचा, काय मोजायचं आणि काय सोडायचं यात.

आधी मूळ आकडा समजून घ्या

साध्या पीव्हीसी इन्सुलेशनला सतत सोसणारं तापमान ७० अंश सेल्सिअस. वायरची क्षमता म्हणजे तांब्याचं तापमान या ७० वर नेऊन ठेवणारा करंट. तांबं स्वतः त्याहून कितीतरी जास्त सोसतं, मरतं ते त्याच्यावरचं प्लॅस्टिक.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३६४-५-५२ या मानकात पाइपातल्या किंवा बंद ट्रंकिंगमधल्या सुट्या वायरींना 'बी१' पद्धत म्हणतात. भोवताल ३० अंश आणि थ्री फेज लोड धरून तिथे दीड स्क्वेअरला १५.५ अँपिअर, अडीचला २१, चारला २८ आणि सहाला ३६ दिले आहेत. वायरमनच्या 'पंधरा'चा उगम हा. यंत्रांच्या विद्युत सामग्रीसाठी असलेलं आयईसी ६०२०४-१ मात्र भोवताल ४० धरतं. ३० वरून ४० वर जायचा गुणक ०.८७ आहे. त्याने गुणलं की दीडला १३.५, अडीचला १८.३, चारला २४ आणि सहाला ३१ येतात. पॅनेलसाठी हे चार आकडे पाठ करा. स्लॉटेड पीव्हीसी डक्टलाही मी बी१ च लावतो. त्याला खाचा असतात म्हणून थोडी हवा खेळते खरी, पण झाकण बसल्यावर आणि डक्ट गच्च भरल्यावर त्या खाचांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी पहिली: आत किती तापतं ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वायरचा भोवताल म्हणजे शॉपमधली हवा नव्हे, पॅनेलच्या आतली हवा. पॅनेलच्या रचनेचं मानक आयईसी ६१४३९-१ बाहेरची हवा जास्तीत जास्त ४० आणि चोवीस तासांची सरासरी ३५ धरतं. जळगाव-नागपूरच्या उन्हाळ्याला हे कुणी कळवलेलं नाही. तिथे पत्र्याखाली ४३-४४ धरूनच सुरुवात करावी लागते.

त्यावर आतल्या सामानाची उष्णता. कॉन्टॅक्टरची (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल, ओव्हरलोड रिलेची पट्टी, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, एसएमपीएस (डीसी पुरवठा देणारं युनिट), सगळे थोडं थोडं तापतात. २४ व्होल्ट, १० अँपिअरचा ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस पूर्ण लोडवर सुमारे २७ वॅट आतच सोडतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूपुढे 'पॉवर लॉस' छापलेला असतो. ते वॅट एका कागदावर उतरवून बेरीज करा.

समजा बेरीज १५० वॅट आली. पॅनेल भिंतीवर लावलेलं, पत्र्याचं, रंगवलेलं आणि पूर्ण बंद आहे. उंची १.२ मीटर, रुंदी ०.८, खोली ०.३. भिंतीकडची बाजू उष्णता नीट टाकत नाही, म्हणून सगळं क्षेत्रफळ धरायचं नाही. अशा पॅनेलचं उपयोगी क्षेत्रफळ काढायला एक सूत्र आहे: १.४ गुणिले रुंदी गुणिले (उंची अधिक खोली), अधिक १.८ गुणिले खोली गुणिले उंची. इथे ते २.३३ चौरस मीटर येतं. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकामागे साधारण ५.५ वॅट बाहेर टाकतो. म्हणजे हे पॅनेल अंशामागे १२.८ वॅट टाकणार, आणि १५० वॅटला आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे १२ अंश चढणार. बाहेर ४३, तर आत ५५.

आता त्याच पॅनेलमध्ये कुणी साडेसात किलोवॅटचा एक व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला असं धरा. ड्राइव्हचा लॉस तीन टक्के धरला तरी सव्वादोनशे वॅट वाढले. एकूण ३७५, चढ २९ अंश, आत ७२. करंट सोडण्याआधीच वायरचं इन्सुलेशन मर्यादेबाहेर गेलं. नंतर 'एक छोटा ड्राइव्ह घाला हो' म्हणणाऱ्या ग्राहकाला हा हिशोब दाखवायचा.

पॅनेल आधीच चालू असेल तर कागदापेक्षा थर्मामीटर बरा. पण मोजायचं ते तापमान नाही, चढ. नव्या मुलांकडून हमखास होणारी चूक अशी: जानेवारीत आत ३९ अंश दिसले, 'चाळीसच्या आत आहे' म्हणून डिरेटिंग सोडून दिलं. त्या वेळी बाहेर २७ होते, म्हणजे चढ १२. मे महिन्यात तोच चढ ४३ वर बसतो. पूर्ण लोडवर निदान तीन-चार तास चालवून, आकडा स्थिर झाल्यावर, पॅनेलच्या वरच्या तृतीयांशात, दार बंद ठेवून मोजा. गरम हवा वर जमते. खाली, केबल आत येते त्या ग्लँड प्लेटजवळ मोजलेला आकडा मन रिझवायला ठीक.

तापमानाचा गुणक

आयईसी ६०२०४-१ मधले, ४० अंशांच्या पायावरचे गुणक असे: ३० अंशांना १.१५, ३५ ला १.०८, ४५ ला ०.९१, ५० ला ०.८२, ५५ ला ०.७१ आणि ६० ला ०.५८.

हे पाठ करायची गरज नाही. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते आणि बाहेर पडणारी उष्णता वायर-हवा यांच्या तापमानातल्या फरकाने ठरते. म्हणून ७० मधून आतलं तापमान वजा करा, उरेल त्याला ३० ने भागा आणि वर्गमूळ काढा. ५५ साठी १५ भागिले ३०, म्हणजे अर्धा. त्याचं वर्गमूळ ०.७१. मधल्या ४८ किंवा ५३ अंशांसाठी तक्ता शोधत बसायला नको, मोबाइलवर निघतं. भागाकारातले ३० म्हणजे ७० वजा ४०.

त्यातच एक सापळा आहे. ६०३६४ चा तक्ता ३० अंशांच्या पायावर आहे, त्यामुळे तिथे ५० अंशांपुढे ०.७१ लिहिलेलं दिसेल. इकडे तोच ०.७१ चा आकडा ५५ पुढे आहे. मूळ अँपिअर एका मानकातून आणि गुणक दुसऱ्यातून उचलला की उत्तर साफ चुकतं, आणि आकडे ओळखीचे असल्याने चूक दिसतही नाही. ज्या पानावरून मूळ आकडा घेतला, गुणक त्याच घरचा घ्या.

पायरी दुसरी: डक्टमधली गर्दी मोजा

लोकलच्या डब्यात एकट्याला जेवढी हवा मिळते तेवढी सहा जणांत मिळत नाही, वायरीचंही तसंच. एकत्र असलेल्या भारित सर्किटांच्या संख्येवर गुणक ठरतो: दोनला ०.८०, तीनला ०.७०, चारला ०.६५, पाचला ०.६०, सहाला ०.५७, नऊला ०.५०, बाराला ०.४५, विसाला ०.३८.

मोजायची आहेत ती सर्किटं. थ्री फेज मोटारीच्या तीन वायरी मिळून एक सर्किट. सिंगल फेजचे फेज आणि न्यूट्रल मिळून एक. हिरवी-पिवळी अर्थ वायर मोजायची नाही, तिच्यातून रोजचा करंट जात नाही. एक चालू-एक राखीव अशा पंपांपैकी दोन्ही कधीच एकत्र चालणार नसतील, इंटरलॉक (एक चालू असताना दुसरा सुरूच न होऊ देणारी जोडणी) खरोखर असेल, तर एकच मोजा. 'ऑपरेटर दोन्ही लावत नाही' याला इंटरलॉक म्हणत नाहीत.

कंट्रोल वायरींचं काय? डक्टमध्ये शंभर लाल-निळ्या वायरी असतात. त्या सगळ्या मोजल्या तर गुणक शून्याकडेच जाईल. इथे एक सवलत आहे: जी वायर तिच्या गटात धरलेल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त करंट नेत नाही, ती बाकीच्यांचा गुणक काढताना सोडून देता येते. पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटची वायर काही मिलिअँपिअर नेते, ती खुशाल सोडा. मात्र २४ व्होल्टच्या कॉमनकडे, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वायरीकडे, लक्ष ठेवा. वायरमन कॉमन एका रिलेवरून दुसऱ्यावर लूप करत नेतो. शेवटच्या रिलेजवळ त्यात अर्धा अँपिअर असतो, पण एसएमपीएसजवळच्या पहिल्या तुकड्यात सगळ्या व्हॉल्व्हांची बेरीज असते. तिथे पाऊण स्क्वेअरची वायर आठ अँपिअर नेताना मी पाहिली आहे. असा तुकडा कंट्रोलचा दिसला तरी पॉवरचाच समजा.

तसंच, हे गुणक सारख्या भाराच्या आणि जवळपास सारख्या आकाराच्या वायरींसाठी आहेत. पस्तीस स्क्वेअरच्या इनकमरच्या (पॅनेलला मुख्य पुरवठा आणणाऱ्या वायरीच्या) कुशीत दीड स्क्वेअर घातली तर तक्ता तिला वाचवणार नाही. इनकमरला डक्टमध्ये आणूच नका, मोकळा न्या.

पायरी तिसरी: गुणाकार

कन्व्हेयरचं एक पॅनेल घेऊ. चार मोटारी ५ एचपीच्या, दोन साडेसात एचपीच्या, सगळ्या एकाच वेळी चालणाऱ्या. आपल्याकडचा ४१५ व्होल्टचा जुना ठोकताळा 'एचपीला दीड अँपिअर' लावला तर साडेसात आणि सव्वाअकरा. मोटारीच्या प्लेटवर साडेसात आणि ११ आहेत असं धरू. प्लेट आणि ठोकताळा यांत भांडण झालं की प्लेट जिंकते. आत ५५ अंश, सहाही सर्किटं एकाच डक्टमधून टर्मिनलपर्यंत.

०.७१ गुणिले ०.५७ म्हणजे ०.४०५. दीड स्क्वेअर: १३.५ चे साडेपाच अँपिअर. ज्या वायरला सकाळी 'पंधरा' म्हटलं होतं, ती ही. अडीच: ७.४. साडेसातला शंभर मिलिअँपिअर कमी! चार: ९.७, म्हणजे ५ एचपीला चार स्क्वेअर. सहा: साडेबारा, म्हणजे साडेसात एचपीला सहा स्क्वेअर. हे वाचून परचेसवाला उडतो, आणि त्याचं उडणं बरोबर आहे.

पायरी चौथी: तांबं वाढवण्याआधी डक्ट हलवा

नवशिके इथे थांबतात आणि जाड वायर मागवतात. माझ्या मते जाड वायर हा शेवटचा उपाय. ती कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही, वळत नाही, आणि डक्ट आणखी भरते.

त्याच सहा सर्किटांना डावीकडे तीन, उजवीकडे तीन अशा दोन डक्टमधून न्या. गर्दीचा गुणक ०.७० झाला, एकूण ०.४९७. आता अडीच स्क्वेअर ९.१ अँपिअर घेते आणि चार ११.९. दोन्ही मोटारींची वायर एक-एक साइजने उतरली, खर्च डक्टच्या एका पट्टीचा. मात्र टर्मिनल स्ट्रिपही दोन टोकांना विभागलेली हवी. नाहीतर खाली दोन्ही डक्ट परत एकत्र येतात आणि शेवटच्या अर्ध्या मीटरला सहा सर्किटं होतात. वायर तिच्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून ठरते.

यानंतर उष्णता. फिल्टर फॅनला लागणारी हवा तासाला घनमीटरमध्ये काढायची तर ३.१ गुणिले वॅट भागिले परवडणारा चढ. १५० वॅटला ५ अंश चढ परवडवायचा तर ९३ घनमीटर. आत ४८ अंश, गुणक ०.८६. दोन डक्टसह अडीच स्क्वेअर ११ च्या अगदी काठावर येते, दीड स्क्वेअर ८.१ देते. कागदावर ५ एचपीला दीड पुरली. तरी मी अडीचच घालीन. फॅनचं फिल्टर मॅट सहा महिन्यांत धुळीने बुजतं आणि ते बदलायला कुणी येत नाही, हे तुम्हीही बघालच. फॅनवर मिळालेली सूट वायर बारीक करण्यात खर्चू नये. ती जपून ठेवावी.

ड्राइव्हचा ब्रेकिंग रेझिस्टर (मोटार थांबवताना निघणारी ऊर्जा जाळणारा) आत असेल तर तो बाहेर, पॅनेलच्या डोक्यावर काढा. ड्राइव्हच्या वर डक्ट लावू नका. त्याची गरम हवा नेमकी तिथेच जाते. कॅटलॉगमध्ये वर-खाली किती जागा सोडायची ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं.

एचआर वायरचा मोह

'एचआर (हीट रेझिस्टंट) वायर घाला, ८५ अंश सोसते' असा सल्ला मिळेल. गणित त्याच्या बाजूने आहे: ८५ वजा ५५ म्हणजे परत ३० अंशांची सवड, म्हणजे ५५ अंशांतही दीड स्क्वेअर जवळपास पूर्ण १३ अँपिअर देते. मी एचआर वापरतो, ती खरंच चांगली. पण पूर्ण क्षमतेने चालवली तर तांबं ८५ वर असतं, आणि ती उष्णता तांब्यातूनच एमसीबीच्या (जास्त करंटला आपोआप बंद होणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलमध्ये शिरते. टर्मिनल किती सोसतं ते वेगळं बघावं लागतं. शेजारून जाणारी साधी वायरही त्या ८५ च्या बाजूला झोपलेली असते. म्हणून एचआर घ्या, हिशोब मात्र ७० चा करा. वरचे १५ अंश उन्हाळ्यासाठी.

पायरी पाचवी: एमसीबी आणि रिलेशी जुळवा

नियम तीन आकड्यांचा: लोडचा करंट, त्याहून जास्त किंवा बरोबर संरक्षणाचा आकडा, त्याहून जास्त किंवा बरोबर वायरची डिरेट केलेली क्षमता. तिसरा आकडा कॅटलॉगचा नाही, तुम्ही नुकताच काढलेला.

मोटारीला ओव्हरलोड रिले असतो आणि त्याला करंटचं सेटिंग फिरवायची चकती असते. ६ ते १० अँपिअरची रिले, सेटिंग साडेसात, वायर ९.१ ची. ठीक. पण रात्रपाळीला मोटार ट्रिप व्हायला लागली की कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने चकती १० वर नेतो, आणि वायर संरक्षणाविना उरते. म्हणून शक्य असेल तिथे वायर चकतीच्या वरच्या टोकाला पुरेल अशी घ्या, नाहीतर वरचं टोक वायरच्या आत बसेल अशी रिले निवडा. तेही जमत नसेल तर सेटिंग ड्रॉइंगवर आणि दाराच्या आतल्या स्टिकरवर ठळक छापा.

एमसीबीही तापते. घरगुती वर्गाच्या एमसीबीचा आकडा ३० अंशांवर ठरवलेला असतो. ५५ मध्ये, शेजारी पाच भावंडं चिकटून असताना, ती लवकर पडते (ट्रिप होते). विदर्भातल्या एका कारखान्यात मला मे महिन्यात बोलावलं होतं, रोज दुपारी तीनच्या सुमाराला एकच फीडर पडायचा. तिथल्या मेंटेनन्सने आधी १० ची काढून १६ ची, मग २० ची बसवली होती. पडणं थांबलं. मी डक्टचं झाकण काढून वायर बोटाने वाकवली तर इन्सुलेशन भाजलेल्या पापडासारखं कडकडलं. एमसीबी त्यांना दीड महिना खरं सांगत होती. उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये तापमानाचा आणि शेजाराचा असे दोन तक्ते असतात; दोन एमसीबींमध्ये अर्ध्या मोड्यूलचा स्पेसर टाकला तरी फरक पडतो.

पॅनेल अमेरिकेला जात असेल तर

चाकण-भोसरीतून बरीच यंत्रं तिकडे जातात. तिथे वरचं सगळं बाजूला ठेवा, अर्धं-अर्धं मिसळू नका. त्यांच्या एनईसी या विद्युत नियमावलीत सर्किटं मोजत नाहीत, करंट नेणाऱ्या वायरी मोजतात: ४ ते ६ ला ८० टक्के, ७ ते ९ ला ७०, १० ते २० ला ५०, २१ ते ३० ला ४५. आपली सहा मोटारींची डक्ट त्यांच्या हिशोबाने अठरा वायरींची. पॅनेलसाठी यूएल ५०८ए आणि यंत्रासाठी एनएफपीए ७९ ही मानकं लागतात, आणि वायरच्या साइज एडब्ल्यूजी या अमेरिकन मापात.

चालू केल्यावर

पूर्ण लोडवर चार तास चालवून थर्मल कॅमेऱ्याने बघा. डक्टचं झाकण काढल्या काढल्या बघा, नाहीतर झाकणाचंच तापमान दिसेल. डक्टभर सारखी उष्णता दिसली तर प्रश्न गर्दीचा. एकाच टर्मिनलजवळ ठिपका दिसला आणि वायर पुढे थंड होत गेली तर प्रश्न डिरेटिंगचा नाही. लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) नीट क्रिम्प झालेला, म्हणजे दाबून बसवलेला, नाही किंवा स्क्रू सैल आहे. त्यावर कितीही जाड वायर घातली तरी ठिपका तिथेच राहतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हरने कॅटलॉगमधल्या आकड्यावर आवळा आणि मार्करने रेघ मारा.

आणि ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: आतलं धरलेलं तापमान, प्रत्येक डक्टमध्ये धरलेली सर्किटं, वायरचा प्रकार. दोन वर्षांनी कुणी सातवी मोटार जोडायला आला की त्याच डक्टमध्ये जागा दिसते म्हणून तो वायर घालतो. ते पान समोर असेल तर निदान फोन तरी करेल.